विद्यार्थ्याचे दप्तर : वर्धा योजनेपासून संगणकीय संचिकेपर्यंत

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पहिला अर्थ राज्यकारभारातला. पुण्याचे पेशवे दप्तर म्हटले की कापडी रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद डोळ्यांपुढे येतात. दुसरा अर्थ शाळकरी मुलाच्या पाठीवरचा. शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे, हे कोशकारांना मान्य आहे. मराठीत त्याला दुसरा अर्थ कसा चिकटला असावा हे ओळखणे फारसे कठीण नाही. मुलाची पुस्तकेही पूर्वी कापडातच बांधली जात, आणि बांधलेल्या कागदांना दप्तरच म्हणत. तथापि दोन्ही दप्तरांचे भाग्य मात्र सारखे नव्हे. पहिले जपून ठेवावयाचे असते; दुसरे वर्ष संपले की रद्दीत जाते. मुलाने शाळेत जे केले ते जपून ठेवण्याजोगे आहे, परीक्षेच्या गुणांपेक्षा त्यावरून त्याची पारख अधिक चांगली होईल, हा विचार महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत आज संगणकीय संचिकेच्या रूपाने नव्याने मांडला जात आहे. त्याचे नावीन्य केवळ साधनापुरते आहे. मूळ विचार नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर १९३७ साली मांडला गेला होता, आणि तेव्हापासून आजवर तो किमान चार वेळा शाळांच्या दारी येऊन गेला आहे. प्रत्येक वेळी त्याचे काय झाले हे तपासताना एक गोष्ट वारंवार पुढे येते: नोंद कोणी लिहावी व ती कोणी वाचावी हा प्रश्न मुख्याध्यापकाच्या टेबलावर सुटला किंवा तेथेच अडला.

जुन्या पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे आणि पाटी हलवून ते पुसावयाचे, अशी रीत असल्यावर विद्यार्थ्याच्या कामाचा काही अवशेष उरणे अशक्य होते. पावकी-निमकी जे काही उरे ते मुलाच्या मुखात उरे. पुढे दगडी पाटी आली, पण तिचाही गुण पुसण्याचाच. इंग्रजी अमदानीत शाळांची नियमित तपासणी सुरू झाली तेव्हा कागद शाळेत शिरला, परंतु तो विद्यार्थ्याचा कागद नव्हता. हजेरीपट, दाखलखारीज, शेरेपुस्तक ही सारी दप्तरे तपासणीस येणाऱ्या डेप्युटीसाठी होती. मुंबई इलाख्यात अनुदान निकालावर दिले जाऊ लागल्यावर तर मुलाचे एका दिवशीचे उत्तर म्हणजे शाळेची मिळकत झाली. शाळेची कागदपत्रे वरच्या अधिकाऱ्याकडे तोंड करून लिहावयाची ही सवय त्या काळात पडली, आणि ती पुढील कोणत्याही सुधारणेपेक्षा चिवट ठरली.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात जी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली तिचे निमित्त एका शाळेचा रौप्यमहोत्सव हे होते, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. मारवाडी शिक्षण मंडळाची ती शाळा पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. मंडळाचे काम श्रीमन्नारायण पाहत असत. मुख्याध्यापकपदी ई. डब्ल्यू. आर्यनायकम् होते. अध्यक्षस्थानी गांधीजी होते आणि काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री उपस्थित होते. मध्यप्रांत-वऱ्हाडतर्फे रविशंकर शुक्ल होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, आणि त्या उद्योगातून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. समितीचे संयोजक आर्यनायकम् होते. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी, के. जी. सय्यदेन आणि के. टी. शहा हे सभासद होते. ह्या यादीतील निम्म्याहून अधिक माणसे तेव्हा वर्धा व आसपासच्या आश्रमी वर्तुळातली होती. योजनेला ‘वर्धा योजना’ हे नाव केवळ सभास्थानामुळे पडले नाही.

ह्या अहवालातील हस्तोद्योगावर, विशेषतः टकळीवर, इतके लिहिले गेले की परीक्षेविषयीच्या त्याच्या सूचनांकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, चाळीस मिनिटे मातृभाषेला, चाळीस मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला, अर्धा तास समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला, दहा मिनिटे व्यायामाला आणि दहा मिनिटे सुट्टी, अशी वाटणी समितीने सुचविली होती. असा दिवस घालविणाऱ्या मुलाची परीक्षा तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेने होणार नाही हे उघड होते. समितीने चालू परीक्षापद्धतीचा कडक शब्दांत निषेध केला आणि तिच्या जागी निवडक विद्यार्थिगटांच्या प्रगतीची नमुनादाखल तपासणी सुचविली. वरच्या इयत्तेत चढविण्याचा निर्णय शाळेनेच घ्यावा असे तिचे म्हणणे होते. त्यापुढची सूचना अधिक विचारार्ह आहे. एखाद्या इयत्तेत फार मुले मागे राहिली तर त्या शिक्षकाच्या कामाकडे बारकाईने पाहावे. एका शाळेत फार राहिली तर शाळेचे काम तपासावे. सबंध प्रदेशात तसे घडले तर अभ्यासक्रमच चुकला असे समजून तो सुधारावा. नापास होण्याचा भार मुलाच्या डोक्यावरून काढून क्रमाक्रमाने शिक्षक, मुख्याध्यापक आणि अभ्यासक्रम रचणारे यांच्यावर ठेवणारी ही मांडणी त्या काळच्या सरकारी शिक्षणविषयक लिखाणात क्वचितच आढळेल.

हस्तोद्योगाचा आणखी एक गुण परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. सूत उरते. पाटीवरचे अक्षर पुसले जाते, पाठांतर ऐकून संपते. पण लडी मोजता येते, तिचा अंक काढता येतो, तिचा कस पाहता येतो, आणि मागच्या सहामाहीच्या सुतापुढे ती ठेवता येते. समितीच्या अभ्यासक्रमात सूतकताईची अपेक्षित प्रगती सहामाहीवार दिलेली होती. एप्रिल १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला व सेवाग्रामला (तेव्हाचे सेगाव) प्रत्यक्ष शाळा चालू झाली. आर्यनायकम् संघाचे मंत्री झाले. तेथील मुले आपल्या कामाची रोजनिशी स्वतः लिहीत. नोंद करणारे आणि ज्याच्या कामाची नोंद होत आहे ते मूल एकच असे.

भाषेच्या अंगाने पाहता ह्या रोजनिशीचे वैशिष्ट्य मराठीत विशेष स्पष्ट दिसते. ‘मी सूत कातले’, ‘आम्ही वाफा खणला’, ‘भाजी निवडली’ असे वाक्य लिहिताना मराठीतील सकर्मक भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंगवचन घेत नाही, ते कर्माप्रमाणे चालते. वाक्याचा लगाम केलेल्या वस्तूच्या हाती असतो. लिहिणारा मुलगा आहे की मुलगी हे क्रियापद सांगत नाही. एका ठरावीक दिवशी एक ठरावीक वस्तू केली गेली एवढेच ते सांगते. हा तपशील पुढे २०१० नंतरच्या नोंदींशी ताडून पाहण्यासारखा आहे.

सेवाग्रामची शाळा ही शाळा होती. प्रांताची शाळा-व्यवस्था ही वेगळी बाब होती. शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेसाठी वर्ध्याला प्रशिक्षणशाळा उघडली गेली, पण योजनेच्या नावातील ‘मंदिर’ शब्दावरूनच मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि तिची पुष्कळशी शक्ती त्या वादात खर्ची पडली. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे सरकारी धोरण झाले तेव्हा सुताचे मोजमाप चालू राहिले, परंतु बहुतेक ठिकाणी त्याचे रूप कच्च्या मालाच्या जमाखर्चाचे झाले. जी. रामचंद्रन् यांच्या अध्यक्षतेखाली १९५५ साली नेमलेल्या मूल्यांकन समितीला पुष्कळ ठिकाणी नावापुरतेच मूलोद्योग शिक्षण आढळले. सुताची वही मुलासाठी राहिली नाही, ती तपासणीसाठी झाली. शेरेपुस्तकाच्या काळची सवय नव्या वहीत उतरली.

माध्यमिक शाळांच्या दृष्टीने खरी कसोटी उत्तर-बुनियादीची होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमचा विस्तार पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी व प्रौढशिक्षण असा झाला आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी उत्तर-बुनियादी शाळा सेवाग्रामला उभी राहिली. ह्या विद्यार्थ्यांच्या कामाची नोंद उत्तम असूनही विद्यापीठाच्या दारात तिला चलन नव्हते. ह्याच सुमारास अमेरिकेत घडलेल्या एका प्रयोगाशी तुलना केली तर अडचण कोठे होती हे कळते. तेथे १९३३ ते १९४१ या काळात तीस माध्यमिक शाळांनी आपले अभ्यासक्रम स्वतः आखले, आणि राल्फ टायलर यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धती बसविल्या. परंतु त्याआधी सुमारे तीनशे महाविद्यालयांनी ह्या शाळांच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या प्रवेशअटींशिवाय, मुख्याध्यापकाच्या शिफारशीवर व नोंदीवर प्रवेश देण्याचे मान्य केले होते. नोंद आधी चलनी झाली, मग ती लिहिली गेली. सेवाग्रामला नोंद होती, करार नव्हता. ह्या उणिवेचा दोष शाळेकडे जात नाही, विद्यापीठांकडे जातो. आणि विद्यापीठाच्या एका विभागाच्या पत्रिकेत तो नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

दुसरी खेप डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगाची (१९५२-५३). प्रत्येक विद्यार्थ्याने वेळोवेळी केलेले काम व निरनिराळ्या क्षेत्रांतील त्याची प्रगती दर्शविणारी शालेय नोंद ठेवावी आणि अंतिम मूल्यमापनात तिला स्थान द्यावे, असे आयोगाने सांगितले. मुख्याध्यापकाच्या योग्यतेवर शाळेचे यश अवलंबून असते हेही त्याने स्वतंत्रपणे मांडले, पण ह्या दोन सूचनांचा सांधा मात्र जुळवून दाखविला नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे होते, अंतर्गत मूल्यमापन व संचित नोंदपत्रक यांचा पुन्हा पुरस्कार केला आणि नोंदपत्रक साधे असावे असा इशाराही दिला. विदर्भात हा काळ राज्यबदलांचा होता: १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरची राजधानी गेली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ जानेवारी १९६६ पासून राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ आले व त्याचे विभागीय मंडळ नागपूरला झाले. संचित नोंदपत्रके छापली गेली, कपाटात ठेवली गेली. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेपुढे त्यांना कोणी विचारीना.

येथे मुख्याध्यापकाच्या स्थानाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. विदर्भातील बहुसंख्य माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या व शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या आहेत. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेवर बांधले. संस्थाचालकांच्या मर्जीतून शिक्षकाची सुटका झाली हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु ज्येष्ठतेने पद मिळते तेव्हा पुष्कळदा सेवेची थोडीच वर्षे उरलेली असतात, आणि वेतनदेयके, संचमान्यता, पोषण आहाराचा हिशेब व शिक्षणाधिकाऱ्यांची पत्रे यांतून शिक्षकांच्या वर्गात डोकावण्यास वेळ राहत नाही. मुख्याध्यापकाने पाठनिरीक्षण करून लॉगबुक लिहावे हा नियम आहे. आर्यनायकम् यांना आपल्या शाळेत जे करता आले त्याला मागे संस्था, पुढे गांधीजी आणि भोवती समानधर्मी सहकारी होते. सामान्य मुख्याध्यापकाशी त्यांची तुलना करून त्याला उणे ठरविणे अन्यायाचे होईल.

तिसरी खेप कायद्याने आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आठवीपर्यंत बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने आकारिक व संकलित अशी त्याची विभागणी झाली. महाराष्ट्रातील हायस्कुले पुष्कळदा पाचवीपासून सुरू होत असल्याने माध्यमिक शिक्षकांच्या अंगावरही हे काम आले. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली गेली, आणि शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याविषयी वर्णनात्मक नोंद करावी असे ठरले. कल्पना उत्तम होती. साठ मुलांच्या वर्गात, प्रत्येक विषयासाठी, प्रत्येक सत्रात अशी नोंद करावयाची म्हणजे किती वाक्ये होतात याचा हिशेब मात्र कोणी केलेला दिसत नाही. परिणाम अपेक्षित तोच झाला. तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या निघाल्या. बाजारात पुस्तिका आल्या, मग भ्रमणध्वनीवरून त्याच याद्या फिरू लागल्या.

‘कवितेचे तालासुरात गायन करतो’, ‘स्वतःच्या शब्दांत उत्तरे सांगतो’, ‘सुवाच्य अक्षरात लेखन करतो’, ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’: ह्या धर्तीची वाक्ये आता कोणत्याही शिक्षकाला पाठ असतात. त्यांचे व्याकरण बोलके आहे. क्रियापद वर्तमानकाळी, तेही रीत दाखविणारे. त्यामुळे वाक्याला दिवस नाही, स्थळ नाही. कोणती कविता, कोणते उत्तर, याचा पत्ता नाही. कर्ता लुप्त, त्यामुळे वाक्य कोणाही मुलाच्या नावापुढे बसते. आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत असल्याने ते लिंग मात्र अचूक सांगते. यादीतील वाक्ये बहुधा पुल्लिंगी असतात. मुलीच्या पानावर ‘करतो’चे ‘करते’ करणे हे शिक्षकाचे एकमेव स्वतंत्र लेखन उरते, आणि ते राहून गेले की नोंद कोठून आली हे उघडकीस येते. सेवाग्रामच्या रोजनिशीतील वाक्य घडलेली गोष्ट सांगे व करणाऱ्याचे लिंग झाकून ठेवी. येथे नेमके उलट झाले. ‘सुधारणा आवश्यक’ अशा स्तंभातही हीच तऱ्हा. ज्या शिक्षकाला मुलाचे एखादे खरे वाक्य आठवत होते त्यानेही छापील वाक्यच लिहिले, कारण पुढे पडताळणी होणार होती आणि छापील वाक्यावर आक्षेप येत नाही.

ह्याच दशकात शालान्त परीक्षेच्या पातळीवर एक प्रयोग आपोआप घडून गेला. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषाविषयांचे व समाजशास्त्राचे शाळेकडील वीस गुण काढून टाकण्यात आले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढल्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले. शाळेने दिलेल्या गुणांवर समाजाचा किती विश्वास होता आणि किती भिस्त होती, हे दोन्ही ह्या दोन वर्षांत दिसले. विश्वास कमी, भिस्त फार. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९९० नंतरच्या वर्षांत लेखन व गणिताच्या संचिकांवर राज्यव्यापी मूल्यमापन सुरू केले, तेव्हा एकाच संचिकेला दोन परीक्षकांनी दिलेले गुण जुळत नाहीत असे रँड संस्थेच्या अभ्यासात आढळले होते. संचिकेने शिक्षकाचे अध्यापन सुधारू शकते. तिच्यावरून शाळाशाळांची तुलना करू गेल्यास ती दगा देते. नागपूरच्या किंवा अन्य कोणत्याही शाळेला हा अनुभव नवा नाही.

मग साथीचे वर्ष आले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मे महिन्यात निकालाचे निकष जाहीर झाले: नववीच्या अंतिम निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक इत्यादींचे २०. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती बसली. १९३७ च्या समितीने जे सुचविले होते, म्हणजे चढविण्याचा निर्णय शाळेने आपल्या नोंदींवरून घ्यावा, ते चौऱ्याऐंशी वर्षांनी नाइलाजाने अमलात आले. पण नोंदी कोठे होत्या? नववीचे दुसरे सत्र २०२० च्या टाळेबंदीत बुडालेले, दहावीचे वर्ष दूरध्वनीच्या पडद्यावर गेलेले. वर्षभर मुलांच्या वह्यांची छायाचित्रे शिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर येत राहिली होती. ती एका अर्थी पहिली संगणकीय संचिकाच होती, पण जागा भरली की ती पुसली जात. धूळपाटीचा धर्म येथे पुन्हा प्रकट झाला. ज्या शाळेच्या मुख्याध्यापकाने आरंभीच ही छायाचित्रे विद्यार्थीवार साठवून ठेवण्याची व्यवस्था लावली असेल त्याच्या समितीला जून महिन्यात पाहण्यासारखे काही होते. इतरांना आठवणीवर व अंदाजावर निभावून न्यावे लागले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

चौथी खेप सध्या चालू आहे. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची माहिती भरली जाऊ लागली. पुढे केंद्राची ‘यूडायस प्लस’ प्रणाली आली व ‘अपार’ नावाचा बारा अंकी विद्यार्थी-क्रमांक आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकाच्या जागी सर्वांगीण प्रगतिपत्रक सुचविले, ज्यात शिक्षकाबरोबर स्वतः विद्यार्थी व त्याचे सोबतीही मूल्यमापन करतील. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतील ‘परख’ केंद्राने माध्यमिक स्तरासाठी तशा पत्रकाचा नमुनाही तयार केला आहे. ‘पोर्टफोलिओ’ हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात रुळला आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ पाने वाहून नेण्याचे साधन. चित्रकार आपली सुटी चित्रे त्यात घालून दाखवीत फिरे. ती काय दाखवावयाची, कोणती गाळावयाची, हे चित्रकार ठरवी. मराठीत त्यासाठी ‘संचिका’ हा शब्द योजला जातो, आणि तो शासनव्यवहारातील फाईलसाठी आधीच ठरलेला आहे. फाईल कारकून ठेवतो, साहेब पाहतो. ज्याच्याविषयी ती असते त्याला ती सहसा दिसत नाही. ‘दप्तर’ हा शब्द हाताशी असता ‘संचिका’ का स्वीकारला गेला हे सांगणे कठीण आहे, पण निवड अगदीच अपघाती वाटत नाही.

कारण प्रणालीची रचनाही तशीच आहे. सरल काय किंवा यूडायस प्लस काय, प्रवेश शाळेच्या सांकेतिक क्रमांकाने मिळतो. माहिती शाळा भरते व मुख्याध्यापक ती कायम करतो. तालुक्याचा कर्मचारी पडताळतो. विद्यार्थ्याला स्वतःच्या पानावर लिहिण्यास दार नाही. सर्वांगीण प्रगतिपत्रकाच्या नमुन्यात मात्र प्रथमपुरुषी वाक्ये आहेत; तेथे विद्यार्थ्याने स्वतःविषयी ‘मी’ म्हणून लिहावयाचे आहे. सेवाग्रामच्या रोजनिशीनंतर शालेय मूल्यमापनाच्या सरकारी कागदावर हा ‘मी’ एवढ्या ठळकपणे प्रथमच येत आहे. तो ‘मी’ विद्यार्थ्याच्या हातून लिहिला जाईल की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वर्गशिक्षक एकट्याने बसून साठ ‘मी’ भरील, ह्याचा निर्णय कोणत्याही प्रणालीत अंतर्भूत नाही. तो शाळेतील संगणककक्षाची किल्ली कोणाजवळ असते आणि वेळापत्रकात ह्या लेखनासाठी तास ठेवला आहे काय, ह्यावर होणार आहे. आणि वेळापत्रकावर सही मुख्याध्यापकाची असते.